सहनशक्तीत पहिला

श्यामसुंदर खोपकरांचं पत्र आलं ते गेल्या मार्चमध्ये. विद्याधर टिपणीसांनी त्याच दिवशी ते ‘तातडीचे’ असं लेबल चिकटवलेल्या फायलीत दोन भोकं पाडून नीट लावून ठेवलं, आणि तिथंच ते राहिलं. आता जानेवारी लागला होता. उत्तर गेलं नव्हतं.

खोपकरांची बायको गेल्यानंतरचं ते पत्र काही लांबलचक नव्हतं. निळ्या आंतर्देशीय पत्राचा पाव भागसुद्धा भरला नव्हता. ‘विद्याधर, शर्मिष्ठा गेली त्याला आज महिना झाला. तू आला नाहीस. उत्तरावहिनी येऊन गेल्या. तुला बरं नव्हतं म्हणाल्या. त्यांना खोटं नीट बोलता येत नाही. मी रागावलेलो नाही. का आला नाहीस तेवढं कळव. कारण कसलंही असलं तरी चालेल, पण खरं असू दे. – श्यामसुंदर.’

घाटकोपरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात या दोघांनी एकोणतीस वर्षं समोरासमोरच्या टेबलांवर काढली होती. टिपणीस पुस्तकांची वर्गवारी करायचे आणि खोपकर ती मुलांना द्यायचे. निवृत्तीनंतर टिपणीस मुलुंडला राहिले, खोपकर दहिसरला. मधल्या काळात खोपकरांचे कान गेले. यंत्र लावूनही समोरचा ओरडला तरच ऐकू यायचं, त्यामुळे फोन बंदच झाला. मोबाइलवर संदेश धाडणं दोघांनाही येत होतं, पण तसं लिहिताना माणूस स्वतःसारखा राहत नाही यावर दोघांचं एकमत होतं. म्हणून पत्रं. महिन्याला एक यायचं, एक जायचं. गेल्या मार्चपर्यंत.

उत्तर लिहायला टिपणीस बसलेच नाहीत असं मात्र नाही. एप्रिलमध्ये त्यांनी गुडघेदुखी लिहून पाहिली. मे महिन्यात रक्तदाब. पावसाळ्यात साथीचा ताप, तोही मागच्या तारखेनं. प्रत्येक वेळी मजकूर चांगला उतरायचा, वाक्यं गोळीबंद व्हायची, आणि मग ‘खरं असू दे’ हे तीन शब्द आठवले की कागदाचे चार तुकडे व्हायचे. खरं कारण त्यांना ठाऊक होतं, पण ते कागदावर उतरत नव्हतं. दिवाळीनंतर तर पत्र टाकायला उशीर झाला याचीच लाज इतकी मोठी झाली की मूळ लाज तिच्याआड दिसेनाशी झाली.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात उत्तराबाईंच्या मोबाइलवर खोपकरांच्या मुलीचा, गंधालीचा, निरोप आला. दहिसरची इमारत पाडून नवी बांधायची होती. एकतीस तारखेपर्यंत जागा रिकामी करायची आणि ती बाबांना कायमचं इंदूरला घेऊन जाणार. उत्तराबाईंनी निरोप मोठ्यानं वाचून दाखवला आणि चष्मा काढून नवऱ्याकडे पाहिलं.

“आता तरी चार ओळी लिहा. तो माणूस तिकडे गेला की तुमची भेट काही व्हायची नाही.”

“लिहितो,” टिपणीस म्हणाले.

“हे मी मार्चपासून ऐकतेय,” त्या म्हणाल्या, आणि भाजी निवडायला बसल्या.

नेमक्या याच दिवसांत टिपणीसांचा वेळ एका विद्वत्तेच्या कामात चालला होता. विक्रोळीची श्रुतिका नावाची एक मुलगी मानसशास्त्रात पीएच.डी. करत होती. मुलुंड पूर्वेच्या ज्येष्ठ नागरिक संघात ती आली ती प्रयोगासाठी माणसं शोधत. संघाचे अध्यक्ष धोंडिराम मोरे हे मरोळच्या एका कारखान्यातून सुरक्षा अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. कुठल्याही कामाला हो म्हणायचं आणि मग ते कुणाच्या तरी गळ्यात घालायचं, ही त्यांची पद्धत. श्रुतिकाची प्रश्नावली इंग्रजीत होती आणि तिला चांगलं मराठी हवं होतं. धोंडिरामांनी बोट दाखवलं. “आमच्याकडे टिपणीससाहेब आहेत. ते बोलत नाहीत, पण लिहितात एकदम शुद्ध.”

विषय काय, असं टिपणीसांनी विचारलं. माणसं मनाचा आणि शरीराचा त्रास कितपत सहन करू शकतात हे मोजायचं, असं ती म्हणाली. मोजून काय करायचं, हा त्यांचा पुढचा प्रश्न.

“काका, कसं असतं ना, ज्यांना त्रास सहनच होत नाही ती माणसं त्रास टाळायला भलतंच काहीतरी करतात. दारू म्हणा, जुगार म्हणा. काही जण काहीच करत नाहीत, नुसती पळून जातात. ते आधी कळलं तर मदत करता येते.”

टिपणीसांना चष्मा पुसायची एकदम गरज भासली. काच स्वच्छ झाल्यावर त्यांनी ‘काम घेतो’ म्हणून सांगितलं.

आठ दिवस ते त्या वीस विधानांवर बसले. प्रत्येक विधान वाचायचं आणि ते आपल्याला किती लागू पडतं ते पाच रकान्यांतून निवडायचं, ‘अजिबात नाही’पासून ‘पूर्णपणे’पर्यंत. सातवं विधान त्यांच्याकडून तीनदा लिहून झालं. शेवटी ते असं जमलं: ‘जिथं मन दुखेल अशा ठिकाणी जाणं मी टाळतो.’ साधं, सरळ, कुणालाही कळेल असं. श्रुतिका ते वाचून म्हणाली, “झकास काका. इंग्रजीपेक्षा भारी झालंय.” टिपणीसांना तीन दिवस पुरेल इतका आनंद झाला. ज्या घरात ते वाक्य तयार झालं, त्या घरातल्या कपाटात ती फाइल होती, पण एकदा वाक्य चांगलं झालं की ते कुणाबद्दल आहे हा विचार त्यांच्या मनात सहसा येत नसे.

प्रयोगाचा दिवस ठरला. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्यांना वगळलं, तरी एकतीस जण उरले. बागेमागच्या संघाच्या खोलीत श्रुतिकाने एका टेबलावर प्लास्टिकचा मोठा टब ठेवला होता. त्यात पाणी, मंडईतल्या बर्फवाल्याकडून आणलेला बर्फ, एक थर्मामीटर, आणि पाणी फिरतं राहावं म्हणून माशांच्या टाकीतला छोटा पंप. माणसानं आधी कागदावरची वीस उत्तरं द्यायची आणि मग मनगटापर्यंत हात पाण्यात घालायचा. सूचनाही टिपणीसांच्याच अक्षरात भिंतीवर लावली होती: ‘सहन होईल तोवर हात पाण्यात ठेवावा. वाटेल तेव्हा काढावा.’ तीन मिनिटं झाली की श्रुतिका स्वतःच ‘पुरे’ म्हणणार होती, पण ही मर्यादा कुणाला सांगायची नव्हती.

एकेकानं आत यावं म्हणून तिनं टेबलाभोवती पडदा लावला होता. धोंडिरामांनी आल्या आल्या तो गुंडाळून ठेवला. आपल्यात लपवण्यासारखं काय आहे, असं त्यांचं म्हणणं. शिवाय खुर्च्या लावलेल्याच होत्या. श्रुतिका दोनदा नको म्हणाली, पण ती पाहुणी आणि ते अध्यक्ष.

इथं सगळं बिघडलं. पहिलेच गृहस्थ पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांनी चाळीस सेकंदांत हात बाहेर काढला आणि फुंकर घातली. खुर्च्यांवरून हशा उठला. कुणीतरी म्हणालं, एवढ्यात कसं हो, घरी भांडी कोण घासतं? बस्स. त्यानंतर त्या खोलीत तिघे सोडले तर ‘पुरे’ म्हटल्याशिवाय हात बाहेर काढायची कुणाची छाती झाली नाही. लोक ओठ आवळून, भिंतीवरच्या संतांच्या तसबिरींकडे पाहत बसू लागले. धोंडिराम घड्याळ हातात धरून दर अर्ध्या मिनिटाला वेळ पुकारू लागले, जसं काही मैदानावर शर्यत चालली होती.

रत्नप्रभा परब या वेंगुर्ल्याकडच्या बाई. नवरा गिरणीत होता, गिरणी बंद झाल्यावर त्यांनीच पंधरा वर्षं खानावळ चालवली. त्यांनी हात पाण्यात घातला आणि शेजारणीशी कुणाच्या तरी सुनेबद्दल बोलत राहिल्या. तीन मिनिटं झाली. श्रुतिकाने हात पुसायला टॉवेल दिला आणि विचारलं, आजी, दुखलं नाही?

“दुखला तर,” रत्नप्रभाबाई म्हणाल्या. “पण तू पुरे म्हणूकच नाय, मगे हात कसो काढतलंय? बरां दिसता काय तां?”

श्रुतिका हसली आणि तिनं ‘तीन मिनिटे’ असं लिहून घेतलं. ते लिहिताना तिचा पेन जरा थबकला, पण मागे अजून अठरा जण बसले होते.

टिपणीसांची पाळी बाराच्या सुमारास आली. आधी कागद. सातव्या विधानापाशी ते थांबले. श्रुतिका समोरच बसली होती आणि हसून त्यांच्याकडे पाहत होती, कारण वाक्य त्यांचंच होतं. इतकं स्वच्छ वाक्य लिहिणारा माणूस ते स्वतःला पूर्णपणे लागू आहे असं सांगतो, हे त्यांना एकदम अशोभनीय वाटलं. त्यांनी ‘अजिबात नाही’वर खूण केली. मग उरलेल्या तेराही विधानांत आपण भक्कम माणूस असल्याचं दाखवणं आलंच, नाहीतर उत्तरं एकमेकांशी जुळली नसती. ग्रंथालयात काम केलेल्या माणसाला विसंगती खपत नाही.

मग त्यांनी हात पाण्यात घातला, आणि नेमका त्याच वेळी श्रुतिकाचा फोन वाजला. तिच्या मार्गदर्शक प्राध्यापकांचा. तिनं खूण करून ‘एक मिनिट हं’ असं सांगितलं आणि खिडकीकडे तोंड करून बोलू लागली. धोंडिराम चहाचं काय झालं ते बघायला बाहेर गेले होते. टिपणीस हात घालून बसले. आधी बोटं जळल्यासारखी झाली, मग दुखली, मग ठणका मनगटातून कोपरापर्यंत चढला. मुलगी फोनवर सरांना काहीतरी समजावत होती. तिचा स्वर रडवेला होता. अशा वेळी खोकून लक्ष वेधणं त्यांना बरं वाटेना. आपण काही मरत नाही, असं ते मनाशी म्हणाले. थोड्या वेळानं त्यांना बोटं जाणवेनाशी झाली आणि ते जरा निर्धास्त झाले.

“गो चेडवा,” रत्नप्रभाबाईंचा आवाज आला, “तो फोन ठेव आधी. टिपणीसांचो हात निळो पडलो.”

पाच मिनिटं वीस सेकंद. श्रुतिकाने त्यांचा हात टॉवेलात गुंडाळून दोन्ही हातांनी चोळला, दहादा माफी मागितली, आणि वेळ जशीच्या तशी लिहून ठेवली, कारण ती मुलगी प्रामाणिक होती. धोंडिराम चहा घेऊन आत आले तोवर आकडा सगळ्यांच्या तोंडी झाला होता.

दुसऱ्या दिवशी संघाच्या फळ्यावर, वाढदिवसांच्या यादीखाली, धोंडिरामांच्या टपोऱ्या अक्षरात निकाल लागला. ‘सहनशक्ती चाचणी. प्रथम क्रमांक: श्री. विद्याधर टिपणीस. ५ मि. २० से. द्वितीय क्रमांक: सव्वीस जणांना विभागून.’ पोस्टातले गृहस्थ त्यानंतर आठवडाभर बागेत फिरायला आले नाहीत. आधीच हात काढलेल्या त्या तिघांनी श्रुतिकाला फोन करून आपली चाचणी पुन्हा घ्यावी म्हणून सांगितलं. त्यांतल्या एकानं घरी बादलीत सराव सुरू केला होता, असं कळलं.

संक्रांतीनंतरच्या रविवारी संघाचा तिळगुळाचा कार्यक्रम असतो. त्यात टिपणीसांचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ आणि भाषण. टिपणीसांनी नको म्हणून सांगितलं, ते धोंडिरामांनी विनय म्हणून जमेस धरलं. भाषणात ते म्हणाले की ज्या माणसाच्या तोंडून बर्फात हात घालूनही ब्र निघाला नाही, त्यानं आयुष्यात काय काय पचवलं असेल याची तरुण पिढीनं कल्पना करावी. तरुण पिढीतर्फे तिथं फक्त श्रुतिका हजर होती. पुढे ते म्हणाले की साहेब कुणाच्या सुखाला असोत नसोत, दुःखाला मात्र खांद्याला खांदा लावून उभे राहतात. हे त्यांनी कशावरून म्हटलं ते कुणाला माहीत नाही. सत्काराच्या भाषणात असं एक वाक्य असतंच.

पहिल्या रांगेत उत्तराबाई बसल्या होत्या. त्या वाक्याला त्यांनी मान खाली घातली आणि साडीच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. टिपणीसांनी ते पाहिलं. पाच मिनिटं वीस सेकंदांत जे झालं नव्हतं ते आता झालं. त्यांना वाटलं, उठावं आणि सरळ निघून जावं. पण अंगावर शाल होती, हातात नारळ होता आणि लोक टाळ्या वाजवत होते. दोन शब्द बोला म्हणून आग्रह झाला. ते उभे राहिले, “मी खरं म्हणजे…” एवढंच म्हणाले आणि बसले. टाळ्या आणखी वाढल्या.

कार्यक्रम संपला. उत्तराबाई पुढे निघून गेल्या. श्रुतिका कोपऱ्यात आपला टब आणि पंप पिशवीत भरत होती. तिचा चेहरा उतरलेला होता. तिच्या सरांनी आकडे पाहून विचारलं होतं की प्रयोग माणसांवर केलास की पुतळ्यांवर. एकतीसपैकी सत्तावीस जण शेवटपर्यंत टिकतात, असं जगात कुठं होत नाही. टिपणीस शाल घडी करत तिच्यापाशी जाऊन उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. शेवटी तिनंच वर पाहिलं.

“सात नंबरचं उत्तर बदलायचं होतं,” ते म्हणाले.

“कुणाचं?”

“माझं.”

“आता नाही ना काका बदलता येत. सगळं भरून झालंय.” मग तिला काहीतरी वाटलं असावं. “काय लिहिलं होतं तुम्ही?”

“अजिबात नाही.”

“आणि आता?”

“पूर्णपणे.”

श्रुतिकाने पंप खाली ठेवला आणि एक खुर्ची ओढून त्यांना दिली, दुसरी स्वतः घेतली. “बरं, पण हात तर खरा ठेवला होतात ना?”

“हात खरा होता. पण तू फोनवर होतीस. मध्ये बोलणं बरं दिसलं नसतं.”

“म्हणजे दुखत होतं?”

“पहिल्या अर्ध्या मिनिटापासून.”

“अहो काका,” ती कपाळाला हात लावून म्हणाली, “भिंतीवर तुमच्याच अक्षरात लिहिलंय, वाटेल तेव्हा काढावा.”

“हो. ते वाक्य चांगलं झालंय.”

ती हसली, आणि हसता हसताच थांबली. रत्नप्रभा आजी काय म्हणाल्या होत्या ते तिला आठवलं. ती स्वतःशीच म्हणाली, मी सहनशक्ती मोजलीच नाही, लोकांना नको म्हणता येत नाही तेवढं मोजलं. मग वळून तिनं विचारलं की कुठं जायचं टाळलंत?

आणि टिपणीसांनी सांगितलं. आयुष्यात फार थोड्या माणसांना त्यांनी काही सांगितलं होतं, आणि बायकोलाही जे सांगितलं नव्हतं ते या पंचविशीतल्या मुलीला, रिकाम्या खुर्च्यांच्या मधोमध बसून, सांगितलं. शर्मिष्ठाबाई गेल्या तेव्हा उत्तरा बहिणीकडे रत्नागिरीला होती. हे एकटेच होते. चौथ्या दिवशी सकाळी ते दोन बस बदलून दहिसरला गेले. इमारतीला लिफ्ट नाही, खोपकर तिसऱ्या मजल्यावर. ते जिन्याशी आले आणि वरून आवाज ऐकू आला. श्यामसुंदर रडत होता. बहिऱ्या माणसाला आपला आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे तो आवरता येत नाही. तसा आवाज त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. माणसाचा वाटत नव्हता. तळमजल्यावरची एक बाई दारात उभी राहून डोळे पुसत होती. टिपणीस तीन पायऱ्या चढले आणि परत फिरले. उद्या येऊ, म्हणाले. उद्याही गेले नाहीत.

श्रुतिका ऐकत होती. तिनं वही काढली नाही.

“मग हेच लिहा ना त्यांना. हेच तर खरं आहे.”

“ते कसं लिहू? त्याला ठाऊक नाही तो किती मोठ्यानं रडत होता ते. आवाज खालपर्यंत येत होता, आणि त्या आवाजाला मी घाबरलो, हे त्या माणसाला मी लिहून कळवू?”

तिनं पिशवी मांडीवर घेतली. “माझी पणजी ठार बहिरी होती, काका. आम्हाला वाटायचं तिला काही कळत नाही. तिला सगळं कळायचं. ती समोरच्याचे चेहरे बघायची. त्या दिवशी तुमच्या मित्राच्या घरात माणसं बसली असतील ना? त्यांच्या चेहऱ्यांवरून त्यांना समजलंच असेल आपला आवाज कसा होता ते.” तिनं पिशवीची चेन ओढली. “त्यांना माहीत नाही ते एकच. तुम्ही आला होतात, हे.”

जिन्यापाशी आपण पोचलो होतो, हे इतक्या महिन्यांत टिपणीसांनी स्वतःच्या बाजूनं कधी धरलंच नव्हतं. ते त्यांना गुन्ह्याचाच एक भाग वाटत होतं.

निघताना ती अवघडून म्हणाली की नाव न घालता हे प्रबंधात घेतलं तर चालेल का. आकडे तर सगळे वाया गेले, निदान का गेले ते तरी लिहिता येईल. टिपणीसांनी चालेल म्हटलं, फक्त छापण्याआधी मराठी दाखव अशी अट घातली. प्रबंध इंग्रजीत असतो, हे तिनं त्यांना सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर टिपणीस टेबलाशी बसले. दहा महिन्यांत न झालेलं पत्र पाऊण तासात झालं. फक्त एकदा खाडाखोड झाली. त्यांनी आधी ‘मला तुझं दुःख पाहवलं नाही’ असं लिहिलं होतं. ते वाचून त्यांना धोंडिरामांच्या भाषणाची आठवण झाली आणि त्यांनी ते खोडलं.

मग ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले आणि त्यांनी पत्र उत्तराबाईंना वाचून दाखवलं.

‘प्रिय श्यामसुंदर, तू विचारलंस त्याचं उत्तर द्यायला मी दहा महिने लावले. मी आलो होतो. चौथ्या दिवशी, सकाळी साडेदहाच्या सुमारास. खाली तुझा रडण्याचा आवाज ऐकू आला आणि मला तो सहन झाला नाही. तीन पायऱ्या चढून मी परत गेलो. माझ्या प्रकृतीला काहीही झालं नव्हतं. उत्तराला यातलं काही माहीत नाही, तिला दोष देऊ नकोस. येत्या रविवारी सकाळी मी येतो. वरपर्यंत येतो. तू रडलास तरी बसून राहीन. – विद्याधर.’

उत्तराबाई ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांनी गॅस बंद केला, पण वळल्या नाहीत.

“तुम्ही दहिसरपर्यंत गेला होतात?”

“हो.”

“मला वाटलं, तुम्ही घरातून हललाच नाहीत.” त्यांनी ओटा पुसायला घेतला. मग म्हणाल्या, “आधी सांगितलं असतंत तर मी रागावले असते. पण जरा कमी रागावले असते.”

रविवारी मीही येऊ का, असं त्यांनी विचारलं. टिपणीस विचार करून नको म्हणाले. त्यांनी कुणाला तोंडावर नको म्हटलेलं उत्तराबाईंनी फारसं ऐकलं नव्हतं. त्या वळून त्यांच्याकडे पाहत राहिल्या, आणि पाकीट शोधायला आत गेल्या.

पोस्टात गर्दी नव्हती. खिडकीतल्या बाईंनी पाकीट वजनकाट्यावर ठेवलं, पत्ता वाचला आणि चष्म्यावरून टिपणीसांना न्याहाळलं.

“दहिसर? काका, दोन बसा बदलल्या की दहिसर. स्पीड पोस्ट कशाला करताय, स्वतः नेऊन द्या की हातात.”

“रविवारी जाणारच आहे,” टिपणीस म्हणाले. “पण हे माझ्याआधी पोचायला हवं.”

बाईंना यातलं काही कळलं नसावं. त्यांनी खांदे उडवले, पाकिटावर चिकटपट्टी लावली, शिक्का मारला आणि मागे न पाहता ते पाठीमागच्या गोणीत टाकून दिलं.